अकरावी पिशवी

"माती कोरडी आहे ना हो ताई?" असं त्या माणसानं कोबीचा गड्डा तळहातावर तोलत विचारलं आणि मी "खडखडीत" म्हणाले. झालं एवढंच. सकाळचे साडेसात वाजले होते, भाजीच्या दुकानात गर्दी नव्हती, मी बटाट्यांच्या ढिगात हात घालून मऊ पडलेले बाजूला सारत होते. अंगात प्रयोगशाळेचं जाकीट, पाठीवर छापलेलं नाव. ते वाचूनच त्यानं विचारलं असणार. आपण होऊन सांगायला लागला. समोरच्या धक्क्यावर जे जहाज भरतंय त्याच्यावर तो आचारी आहे, बावीस माणसांचं दोन वेळचं जेवण, आणि आज दुपारी चारच्या भरतीला सुटणार म्हणून ही शेवटची भाजी. "मागच्या जहाजावर माती ओली निघाली," तो म्हणाला. खनिजाला हे लोक मातीच म्हणतात, आणि चूक काय त्यात. "एका रात्रीत जहाज कललं ते सरळच होईना. पातेल्यात आमटी एका बाजूला, तळ दुसऱ्या बाजूला उघडा. बंदर जवळ होतं म्हणून वाचलो. तेव्हापासून आपला विचारतो. विचारायला काय जातंय?" तो हसला, मीही हसले, दोन पोती कांदे उचलून तो गेला. आणि मी तिथेच उभी राहिले, बटाटा हातात, कारण आपण काय बोललो ते मला आत्ता ऐकू आलं होतं.

खडखडीत. हा शब्द माणूस न बघता बोलतो. कपडे वाळले का? खडखडीत. ताप उतरला का? खडखडीत बरा आहे. हात लावून कुणी बघत नाही. अठ्ठावीस वर्षं मी खनिजातलं पाणी मोजते आहे, आणि आमच्या कुठल्याही कागदावर कोरडा हा शब्दच नाही; आकडा असतो. या मालासाठी मर्यादा होती दहा टक्के पाण्याची, आणि तीन दिवसांपूर्वी मी दाखल्यावर नऊ पूर्णांक सात लिहून सही केली होती. नऊ पूर्णांक सात म्हणजे खडखडीत नव्हे. म्हणजे शंभर किलो मातीत जवळजवळ दहा किलो पाणी, दिसत नाही, गळत नाही, हाताला फक्त जरा गार लागतं. हे त्या आचाऱ्याला सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर तो काय, कोबी परत ठेवणार होता? मी स्वतःची अशी समजूत घालत घरी आले, बटाटे ठेवले, आणि आईंना वजनकाट्यावर उभं केलं.

आई म्हणजे माझी सासू. सतरा वर्षांपूर्वी नवरा दुसऱ्या एका बाईबरोबर निघून गेला आणि माझ्या वाटणीला सासू आली. "तो गेला तर जाऊ दे, मी काही सामान बांधलेलं नाही," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, आणि खरंच त्यांनी कधी सामान बांधलं नाही. आता त्यांचं हृदय दमलंय. अंगात पाणी साठतं. डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरच पाणी सांगितलंय, आणि रोज सकाळी वजन; रात्रीत दीड-दोन किलो वाढलं तर ते मांस नव्हे, पाणी. नोकरीवर पाणी, घरी पाणी. काट्यावर उभ्या राहिल्या की त्या एक हात हळूच खिडकीच्या कठड्यावर टेकवतात, म्हणजे आकडा कमी येतो आणि संध्याकाळी पेलाभर जास्त मिळतो. मला हे दिसतं. मी महिनाभर कानाडोळा करते आहे, कारण हात काढा म्हटलं की भांडण, आणि सकाळी सकाळी भांडायला अंगात काही उरलेलं नसतं. आजही हात टेकलेला होता. मी आकडा वहीत लिहिला. "डावा पाय सुजलाय बघ," आई म्हणाल्या, "उजवा मात्र छान आहे." मी म्हटलं, "डॉक्टर विचारतील, सूज किती आहे." "सांग त्यांना, निम्मी. दोन पायांची सरासरी काढली तर मी बरीच की!" त्या स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसल्या. मला हसू आलं नाही. मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला. खड्डा पडला तो बराच वेळ तसाच राहिला.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली आणि मी डोळे मिटले, झोपायला म्हणून, पण डोळ्यांपुढे ती बारा पिशव्यांची रांग आली. तीन दिवसांपूर्वी बगळ्यानं आणून ठेवली होती ती. बगळा म्हणजे आमचा नमुने आणणारा. माझ्याच वयाचा, लांबच लांब पायांचा, खनिजाच्या ढिगांवर एकेक पाऊल उचलून टाकत चढतो म्हणून सगळे त्याला बगळा म्हणतात आणि तोही ओ देतो. पन्नास हजार टनांचा ढीग, त्यातून बारा पिशव्या. प्रत्येक पिशवीतली चिमूटभर माती आम्ही ताटलीत तोलतो, भट्टीत वाळवतो, पुन्हा तोलतो. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. यापेक्षा सरळ काम जगात नसेल. एक सोडून सगळ्या पिशव्या साडेनऊ टक्क्यांच्या आसपास आल्या. अकराव्या नंबरची पिशवी, चिठ्ठीवर बगळ्याच्या अक्षरात 'तळ' असं लिहिलेली, ती आली बारा पूर्णांक चार. मी पुन्हा केली. बारा पूर्णांक तीन. आदल्या रात्री आईंना धाप लागली होती, मी पहाटेपासून दवाखान्याच्या बाकावर बसून तिथूनच कामावर आले होते. आकडे माझ्या डोळ्यांपुढे पोहत होते. मी तक्ता घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे मालक, भले गृहस्थ, उधारीचा चहासुद्धा कुणाचा ठेवणार नाहीत. त्यांनी चष्मा वर केला, तक्ता पाहिला. "बाई, दाखल्यावर शेवटी सरासरीच लिहायची ना? मग काढा की सरासरी." काढली. नऊ पूर्णांक सात. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर. मी सही केली आणि संडासात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

ही माती वाईट नाही. ती दिसते कोरडी, मुठीत धरली तर मूठ घट्ट बसते, वर चाललं तर पाऊल रुतत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण जहाजाच्या पोटातल्या खणात ती भरली, इंजिनाची थरथर सुरू झाली, लाटांचे हिसके बसायला लागले, की कण एकमेकांजवळ सरकतात आणि मधलं पाणी वर यायला बघतं. एका मर्यादेपर्यंत काही होत नाही. मर्यादा ओलांडली की सगळा ढीग एकाएकी दह्यासारखा होतो. जहाज डावीकडे झुकलं की माल डावीकडे वाहतो, आणि जहाज उजवीकडे येताना तो मात्र परत येत नाही. पुढच्या लाटेला थोडा आणखी. मग वेळ फार मिळत नाही. माणसं झोपलेली असतात. हे मी नव्या मुलामुलींना फळ्यावर चित्र काढून शिकवते, एकोणीस वर्षं शिकवते आहे, आणि शिकवताना पहिलं वाक्य हेच सांगते की जहाज सरासरीनं बुडत नाही, एका खणानं बुडतं. हे वाक्य माझंच. मला त्याचा अभिमानही आहे. मग त्या दिवशी ते वाक्य कुठे गेलं होतं? कुठेही गेलं नव्हतं. मी दमले होते. दमलेल्या माणसाला खोटं बोलावं लागत नाही, त्याला फक्त समोरचं खरं पुरेसं वाटतं.

प्रयोगशाळेत पोचल्या पोचल्या मी बगळ्याला शोधलं. तो मागच्या पायरीवर बसून गुडघ्याला मलम चोळत होता. मी विचारलं, "तळाची एकच पिशवी का? बाकीच्या कुठल्या?" त्यानं मलमाचं झाकण लावलं. "मॅडम, खरं सांगू का? वरच्या आणि कडेच्या. तळापाशी खणावं लागतं, फावडं लागतं, वाकावं लागतं. माझे गुडघे बघता ना तुम्ही. एक भरली तळाची, म्हटलं नावाला तरी असावी." "आणि तळाला असा ओला माल किती असेल?" त्यानं हातानं हवेत ढीग काढला, मग हात खाली आणला, कमरेच्या बराच वर थांबवला. "तिसरा हिस्सा धरा. थोडा कमी." मी त्याच्यावर ओरडणार होते. पण त्याचे ते गुडघे, मलमानं चकाकणारे, आणि माझी खिडकीच्या कठड्यावरच्या हाताकडे न बघण्याची सवय. कुणी कुणावर ओरडायचं? मी तिथेच चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब केला. बारातली एक पिशवी नव्हे, शंभरातले तीस टन धरायचे. उत्तर आलं दहा पूर्णांक तीन. म्हणजे सरासरीसुद्धा खोटी होती. आणि तळाचा माल शेवटी उचलला जातो, आणि शेवटी भरायचा राहिला होता तो पाच नंबरचा खण. सगळं ओलं एका जागी. साडेदहा वाजले होते.

साहेबांनी माझं ऐकून घेतलं, मध्ये बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, चारला जहाज सुटतंय. आता दाखला मागे घेतला तर माल पाठवणारी कंपनी आपल्याकडे पुन्हा वळून बघणार नाही. इथे अकरा माणसं काम करतात." मी म्हटलं, "जहाजावर बावीस आहेत." हे मी इतक्या पटकन म्हटलं याचंच मला नवल वाटलं. साहेबांनी चष्मा पुसला. "तुमच्याच सहीचा कागद आहे. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. आणि ती मर्यादा तरी काय हो? मुळात धोक्याच्या आकड्यापेक्षा दहा टक्के खालीच धरलेली असते. एवढ्या वर्षांत कधी काही झालंय का आपल्या मालाला?" "झालं असतं," मी म्हटलं, "तर आपल्याला सांगायला कोण आलं असतं?" मला त्यांची दया आली, खरंच आली. त्यांना रात्री झोप लागत नाही, गोळ्या घेतात, माझ्या पगारातून कधी एक दिवस कापलेला नाही. पण मला त्या क्षणी स्वतःचीच जास्त भीती वाटत होती. ही नोकरी गेली तर चोपन्नाव्या वर्षी मला कोण घेणार? आईंची औषधं, डॉक्टर, घराचं भाडं. आणि न जाता राहिली तर? चार वाजता जहाज सुटेल, मी घरी जाईन, सकाळी वजन लिहीन. काही होणारही नाही कदाचित. शंभरातल्या नव्वद वेळा काहीच होत नाही. त्या नव्वदांच्या भरवशावर सगळं चाललंय, मी, साहेब, बगळा, सगळे.

तेवढ्यात फोन वाजला, आई. "अगं, गोळी पांढरी आधी की पिवळी?" "पिवळी. आई, सकाळी काट्यावर तुमचा हात कठड्यावर होता." पलीकडून आवाज आला, आधीच्याहून बारीक: "तुला दिसत होतं?" "रोज दिसतं." "मग बोलली का नाहीस?" मी फोन घेऊन खोलीबाहेर आले. "तू बोलली नाहीस म्हणून मला वाटलं, तेवढं चालत असेल," त्या म्हणाल्या. रागानं नाही, अगदी साधेपणानं. "तू त्यातलीच ना, पाण्यातली. तुला चालतंय म्हणजे चालत असेल." मी फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. शरम वाटली मला. असली शरम बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

कपाटातून दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घेतला आणि बगळ्याला म्हटलं, चल. त्यानं कुठे विचारलं नाही. धक्क्यावर पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते, आणि क्रेनचा लोखंडी जबडा पाच नंबरच्या खणावर उघडत होता, मिटत होता. ढिगाचा नुसता पायथा उरला होता, गडद तांबडा, वरच्या मातीहून दोन छटा गडद. कप्तान शिडीपाशी उतरून आला. ठेंगणा, डोळ्यांखाली काळं, दाढी दोन दिवसांची. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, "तुमचा दाखला माझ्याकडे आहे. नऊ पूर्णांक सात." मी म्हटलं, "तोच बघायला आलेय." डब्याची परीक्षा त्यालाही माहीत होती, समुद्रावरच्या प्रत्येकाला माहीत असते. डबा अर्ध्याहून जरा जास्त भरायचा, वीतभर उंचीवरून कडक जमिनीवर आपटायचा, पंचवीस वेळा, आणि वर पाणी चमकतं का बघायचं. बगळा वाकला, तळाची माती खणून भरली, वाकताना कण्हला. मी आपटायला लागले. एक, दोन, तीन. खांदा दुखत होता. भोवती चार-पाच खलाशी जमले, कुणीतरी मोजायला लागलं. अठराव्याला वर काहीतरी लकाकल्यासारखं झालं. पंचविसाव्याला आम्ही सगळे डब्यावर वाकलो. "चमकतंय," बगळा म्हणाला. "ऊन आहे ते," मागून साहेबांचा आवाज आला. ते टॅक्सीनं आले होते, शर्ट घामानं चिकटलेला. डबा सावलीत नेला. सावलीत नुसती काळपट माती. दुसरा डबा भरला, आपटला; काही नाही. तिसरा, कडेला एक ओलसर रेघ, ती पाण्याची की डब्याच्या पत्र्याची, देव जाणे. साहेब माझ्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "बघा बाई. काही नाही. चला आता, झालं ते झालं."

आणि मला वाटलं, खरंच जावं. इतकं बरं वाटलं असतं जायला. डब्यानं सुटका केली होती माझी. चार साक्षीदार होते. पण हेही मीच शिकवते की डब्यात पाणी दिसलं तर माल नक्की ओला, आणि दिसलं नाही तर त्याचा अर्थ काहीच नाही. काहीच नाही, हे शब्द फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारते मी. मी कप्तानाला पिशव्यांचं सांगितलं, तळाची एकच होती ते, तिसऱ्या हिश्शाचं, दहा पूर्णांक तीनचं. बगळ्यावर काही ढकललं नाही, सही माझी होती. बोलताना माझा आवाज कामाच्या आवाजासारखाच येत होता. साहेब तोंड फिरवून समुद्राकडे बघत होते. माझं संपल्यावर तेच म्हणाले, तसेच पाठमोरे, "उद्यापासून येऊ नका तुम्ही." मी मान हलवली, जी त्यांना दिसली नाही.

"म्हणजे माल ओला आहे," कप्तान म्हणाला.

"माहीत नाही."

"मग कोरडा आहे?"

"तेही माहीत नाही. परत सगळे नमुने घ्यावे लागतील, तळातून, खणातून. दोन दिवस लागतील."

त्यानं कपाळ चोळलं. खलाशांपैकी एक जण वैतागून काहीतरी पुटपुटला. दोन दिवस म्हणजे त्यांच्या घरी पोचायच्या तारखा पुढे जाणार, त्यांचं बरोबरच होतं. कुणी माझे आभार मानेल असं वाटत नव्हतं आणि कुणी मानलेही नाहीत. "बावीस वर्षं समुद्रावर आहे मी," कप्तान म्हणाला, "किनाऱ्यावरचं माणूस येऊन मला माहीत नाही म्हणालंय, असं आजवर झालं नाही." तो रागावला होता की काय ते कळेना. त्यानं खिशातून घडी केलेला दाखला काढला आणि पेन पुढे केलं. "तोंडी चालणार नाही. लिहून द्या."

दाखल्यावर रकाने होते, आणि रकान्यांत फक्त आकडे बसतात. मी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. बगळा वाकला, पाठ पुढे केली, मी त्याच्या पाठीवर कागद ठेवला आणि लिहिलं: या मालात किती पाणी आहे हे मला माहीत नाही. वरची क्रेन थांबली होती की चालूच होती, माझं लक्ष नव्हतं. खाली तारीख घातली, वेळ घातली, आणि पूर्ण नावानं सही केली.